पद नसताना नेतृत्व कसे दाखवावे : चेव्हनिंग शिष्यवृत्तीच्या अर्जाविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणावर काम करणाऱ्या एका लहान संस्थेत क्षेत्र समन्वयक आहेत. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी झाली आहे, चार वर्षांचा अनुभव आहे आणि आता ब्रिटनमध्ये शिकण्यासाठी चेव्हनिंग शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा आहे. त्यांचे म्हणणे असे की, 'संस्था माझी नाही, मोठे पद नाही, पुरस्कार नाही. मग नेतृत्वाच्या निबंधात मी लिहू काय?' त्याला जोडून दोन उपप्रश्न आहेत. तीन अभ्यासक्रम कसे निवडावेत, आणि नोकरी केव्हा सोडावी? अशा अर्जांचे मसुदे मी बरीच वर्षे वाचत आणि तपासत आलो आहे. त्यातून जे ठामपणे सांगता येते तेवढेच येथे मांडतो.

आधी शिष्यवृत्तीचे स्वरूप स्पष्ट असावे, कारण अर्ज फसण्याची पहिली जागा तिथेच असते. चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारच्या परराष्ट्र खात्याची योजना आहे. ती १९८३ साली सुरू झाली आणि केंट परगण्यातील ज्या चेव्हनिंग हाउसवरून तिला आजचे नाव मिळाले, ते ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांच्या वापरातले निवासस्थान आहे. ही केवळ नावामागची गंमत नाही. पैसा शिक्षण खात्याचा नसून परराष्ट्र खात्याचा आहे, म्हणजे देणाऱ्याला फक्त हुशार विद्यार्थी नको आहे. आपापल्या देशात परत जाऊन पुढील दहा-वीस वर्षांत निर्णयांवर परिणाम करील आणि ब्रिटनशी नाते राखील, अशी व्यक्ती त्याला हवी आहे. एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे शुल्क, राहण्याखाण्याचा मासिक भत्ता आणि जाण्यायेण्याचा प्रवास यात मिळतो. त्या बदल्यात अभ्यासक्रम संपल्यावर मायदेशी परतून किमान दोन वर्षे राहण्याची अट असते. वयाची वरची मर्यादा नाही. गुणपत्रिकेचे वजन विद्यापीठाच्या प्रवेशात जास्त आणि शिष्यवृत्तीच्या निवडीत त्या मानाने कमी असते. म्हणून विद्यापीठात पहिला आलेला उमेदवार येथे मागे राहतो आणि साधी प्रथम श्रेणी असलेला निवडला जातो, याचे आश्चर्य वाटू नये.

अनुभवाची अट दोन वर्षांची, म्हणजे २,८०० तासांची आहे. आठवड्याला ३५ तास आणि वर्षाला ४० आठवडे असा हिशोब धरला की वर्षाचे १,४०० तास होतात. अर्धवेळ नोकरी, विनावेतन काम, स्वयंसेवा यांतील नेमके काय धरायचे आणि पदवीपूर्वीचे काम चालते का, याचे नियम मधूनमधून बदलतात. त्यामुळे ज्या वर्षी अर्ज करणार त्या वर्षीचा नियम स्वतः वाचावा, गेल्या वर्षीच्या मित्राच्या आठवणीवर विसंबू नये. आपली चार वर्षे पूर्णवेळ असल्याने आपल्याला ही अडचण नाही.

आता मुख्य प्रश्न. अर्जात निबंधवजा चार उत्तरे असतात : नेतृत्व व प्रभाव, व्यावसायिक संबंध, ब्रिटनमधील अभ्यास आणि पुढील कारकीर्द. यांतील पहिल्या प्रश्नात नेतृत्वाच्या बरोबरीने प्रभाव विचारलेला आहे, आणि स्वतःच्या वागण्याची ठळक उदाहरणे मागितलेली आहेत. पद मागितलेले नाही. ज्याच्याकडे पद आहे त्याने हुकूम दिला आणि तो पाळला गेला, यात वाचणाऱ्याला उमेदवाराविषयी फारसे काही कळत नाही, कारण हुकूम खुर्चीने दिलेला असू शकतो. ज्याच्याकडे पद नाही त्याने दुसऱ्याला, विशेषतः आपल्यापेक्षा वरच्या किंवा आपले ऐकण्याचे काहीही कारण नसलेल्या माणसाला, एखादी गोष्ट वेगळ्या पद्धतीने करायला लावली, तर ती त्याचीच करणी असते. त्यामुळे ज्याला आपण उणीव समजत आहात, ती नीट मांडली तर अर्जातील सर्वांत भक्कम बाजू ठरू शकते. मात्र त्यासाठी 'माझ्यामुळे कोणी, काय, केव्हापासून वेगळे केले?' या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे असले पाहिजे. ते नसेल तर भाषा कितीही सफाईदार असली तरी उपयोग होत नाही.

फरक दिसावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेतो, आपल्याच क्षेत्रातले. बहुतेक पहिले मसुदे असे असतात : 'समाजातील वंचित घटकांसाठी काहीतरी करण्याची ओढ मला लहानपणापासून आहे. आमच्या संस्थेने शेकडो मुलांना शिक्षणाच्या प्रवाहात आणले. मी या कामात महत्त्वाची भूमिका बजावली व संघाचे यशस्वी नेतृत्व केले.' यातले एकही वाक्य खोटे नसेल, पण एकही वाक्य फक्त आपले नाही. मराठवाड्यातील कोणत्याही संस्थेतील कोणीही हे लिहू शकते, आणि वाचणाऱ्यासमोर त्या दिवशी तसे अनेक अर्ज पडलेले असतात.

आता हेच दुसऱ्या रीतीने : 'दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या गावातून निघतात. त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीने हंगामी वसतिगृहाचा ठराव केला नाही, तर मुले आईवडिलांबरोबर फडावर जातात. माझ्याकडील पाच गावांत हा ठराव दरवर्षी उशिरा होत असे, कारण बैठक दुपारी शाळेत होई आणि पालक तेव्हा मजुरीवर असत. बैठक रात्री, मुकादमाच्या, म्हणजे कारखान्यासाठी मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराच्या घरासमोर घ्यावी असे मी सुचवले. टोळी कोणत्या दिवशी निघणार हे मुकादम ठरवतो आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्याच्याच हातून मिळते, म्हणून पालक तिथे येतीलच असा माझा अंदाज होता. दोन मुख्याध्यापकांनी नकार दिला आणि माझ्या वरिष्ठांनाही मुकादमाला महत्त्व देणे पटले नाही. मी एकाच गावात करून पाहण्याची परवानगी मागितली. तिथे ठराव सप्टेंबरमध्येच झाला. पुढच्या वर्षी नकार देणाऱ्यांपैकी एका मुख्याध्यापकांनी स्वतः तारीख कळवली. दुसऱ्या गावात अजूनही जमलेले नाही.'

दुसऱ्या मसुद्यात नेतृत्व हा शब्द एकदाही आलेला नाही, हे पाहावे. त्यात अडचणीचे कारण आहे, केवळ अडचण नाही. एक निर्णय आहे आणि तो घेण्यामागचा तर्क आहे. विरोध आहे, तोही नावे ठेवण्यासारख्या खलपुरुषाचा नसून समजण्यासारखी कारणे असलेल्या माणसांचा. विरोध मोडून न काढता लहान प्रयोगाने तो ओलांडलेला आहे. परिणाम मोजका आहे, पण तपासता येतो. शेवटचे वाक्य पुष्कळ उमेदवार भीतीने गाळतात. माझ्या मते ते ठेवावे. ज्याला आपल्या कामाची मर्यादा दिसते त्याच्या बाकीच्या दाव्यांवर विश्वास बसतो, आणि मुलाखतीत 'जे जमले नाही असे काही सांगा' हा प्रश्न आला तर त्याचे बीज अर्जात आधीच पडलेले असते.

येथे संस्थेत काम करणाऱ्यांची एक खास अडचण सांगायला हवी. सामूहिक कामाची सवय असलेला माणूस सगळे 'आम्ही' करून लिहितो. संस्कार म्हणून ते चांगलेच आहे, परंतु वाचणाऱ्याला त्यातून आपला वाटा वेगळा काढता येत नाही, आणि जो काढता येत नाही त्याला गुण देता येत नाहीत. याचा अर्थ सगळे श्रेय स्वतःकडे ओढावे असा नाही. संस्थेची योजना कोणाची, निधी कोणाचा, गावातले कार्यकर्ते कोण, हे एका वाक्यात प्रामाणिकपणे सांगून टाकावे आणि मग फक्त आपण उचललेल्या पावलाविषयी 'मी' लिहावे. 'वसतिगृहाची योजना शासनाची होती, बैठकीची जागा बदलण्याची कल्पना माझी होती' अशी सरळ विभागणी कोणालाही उद्धट वाटत नाही. उलट, दुसऱ्याचे काम स्वतःच्या नावावर खपवणारा अर्ज मुलाखतीत दोन उपप्रश्नांत उघडा पडतो, कारण समोर बसलेल्यांत या क्षेत्राची माहिती असलेले कोणी ना कोणी बहुधा असते.

दुसरी अडचण गरिबीच्या वर्णनाची. आपल्याकडील, विशेषतः दुष्काळी भागातील उमेदवारांच्या पहिल्या उत्तराचा अर्धा भाग कोरडवाहू शेती, कर्ज, आईचे कष्ट आणि पायी गाठलेली शाळा यांत खर्ची पडतो. हे खरे असते आणि ते लिहिताना माणूस हळवा होतो, हेही मी समजू शकतो. पण शब्दमर्यादा तोकडी आहे. ती पूर्वी पाचशे शब्दांची होती आणि अलीकडे आणखी आटली आहे, त्यामुळे अर्जाच्या चौकटीत जो आकडा दिसेल तोच धरावा. एवढ्या जागेत परिस्थितीचे वर्णन जितके वाढते तितकी कृती आक्रसते. परिस्थितीने आपल्या एखाद्या निर्णयाला दिशा दिली असेल, तर तेवढ्यापुरती ती एका वाक्यात यावी. 'माझे आईवडील स्वतः बारा हंगाम तोडीला गेले, म्हणून पालक शाळेत का येत नाहीत हे मला विचारावे लागले नाही' हे वाक्य सहानुभूती मागत नाही, आपल्याकडे असलेले ज्ञान कुठून आले ते सांगते. हीच कसोटी आपल्या कामातील मुलांनाही लावावी. एखाद्या मुलीच्या दुःखाची गोष्ट तिच्या नावासह अर्जात घालून तिच्या जिवावर आपली बाजू मजबूत करणे मला अयोग्य वाटते, आणि अनुभवी वाचकालाही ते खटकते.

संबंधांविषयीचे दुसरे उत्तर बहुतेकांना सोपे वाटते आणि तिथेच सर्वाधिक गुण जातात. लोक ओळखींची यादी देतात : अमुक जिल्हाधिकाऱ्यांना भेटलो, तमुक परिषदेत भाषण केले, समाजमाध्यमांवर इतके अनुयायी आहेत. विचारलेले असते ते संबंध आपण कसे जोडता, कसे टिकवता आणि त्यातून दोन्ही बाजूंना काय मिळते हे. आपल्या कामातील उत्तम उदाहरण कदाचित आपल्याला साधे वाटत असेल. समजा, पश्चिम महाराष्ट्रातील एखाद्या साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याकडून टोळ्यांच्या मुक्कामाची माहिती आपण मिळवलीत, ती फडाजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना दिलीत, आणि मुलांच्या हजेरीची नोंद गावाकडील शाळेकडे परत पाठवण्याची व्यवस्था लावलीत. कारखान्याला त्यातून काय मिळाले? कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, लहान मुले कमी राहिली आणि अपघाताची धास्ती कमी झाली. शाळेला पट मिळाला. हंगाम संपल्यावरही आपण त्या अधिकाऱ्याशी संपर्क ठेवलात का, आणि पुढच्या वर्षी तो बदलून गेल्यावर नव्या माणसाशी घडी कशी बसवलीत? असा एक धागा पूर्ण सांगितला तर दहा नावांच्या यादीपेक्षा त्याचे मोल अधिक होते. शेवटी, ब्रिटनमध्ये जगभरातून आलेल्या इतर चेव्हनिंग विद्यार्थ्यांना आपण काय देऊ शकता, हे एक-दोन वाक्यांत लिहावे. हंगामी स्थलांतर आणि शाळा हा प्रश्न आपल्या एकट्या जिल्ह्याचा नाही, आणि वीटभट्टी किंवा मळ्यांवरील कामासाठी कुटुंबेच्या कुटुंबे हलतात अशा इतर देशांतील सहाध्यायांशी बोलण्यासारखे आपल्याकडे बरेच आहे.

आता अभ्यासक्रमांकडे येतो. अर्जात तीन अभ्यासक्रम द्यावे लागतात. तीन विद्यापीठांतील सारखा विषय चालतो, आणि माझा सल्लाही तोच आहे. एक शिक्षणाचा, एक व्यवस्थापनाचा आणि एक लिंगभाव अभ्यासाचा अशी निवड केली की उमेदवाराला नेमके काय शिकायचे आहे हे त्यालाच ठाऊक नाही, असे दिसते. आपल्या बाबतीत युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील शिक्षण व आंतरराष्ट्रीय विकास, ससेक्स विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय शिक्षण व विकास, ऑक्सफर्डमधील तौलनिक व आंतरराष्ट्रीय शिक्षण अशा दिशेचे अभ्यासक्रम आधी पाहावेत. मात्र केवळ नावावर न जाता प्रत्येकाच्या संकेतस्थळावर त्या वर्षी कोणते विषय शिकवले जाणार आहेत आणि शिकवणाऱ्यांपैकी कोणाचे संशोधन आपल्या प्रश्नाच्या जवळ जाते, ते वाचून काढावे. 'जागतिक दर्जाचे विद्यापीठ', 'समृद्ध परंपरा', 'विविध संस्कृतींचा अनुभव' ही वाक्ये विद्यापीठांच्या जाहिरातीतून आलेली असतात, ती त्यांना परत पाठवू नयेत. आपल्याला काय येत नाही ते लिहावे. उदाहरणार्थ, हंगामी वसतिगृहामुळे मुले शाळेत राहिली, पण ती शिकली का, हे मोजण्याची रीत आपल्याला अवगत नाही, आणि म्हणून मूल्यमापनाचा अमुक विषय हवा आहे. एवढे नेमके कारण दिले की अभ्यासक्रमाची निवड आपोआप पटते.

आपली एक पदव्युत्तर पदवी आधीच झालेली आहे. तरी अर्ज करता येतो, परंतु दुसरी कशासाठी हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात येणारच, म्हणून त्याचे उत्तर याच निबंधात द्यावे. समाजकार्याच्या शिक्षणाने गावात उभे राहायला शिकवले, आता राज्य पातळीवरील योजनेची आखणी आणि तिचे मोजमाप शिकायचे आहे, अशी मांडणी सरळ आणि खरी आहे.

विद्यापीठांचे अर्ज शिष्यवृत्तीच्या अर्जापासून स्वतंत्र असतात आणि ते आपणच करायचे असतात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना प्रवेश हातात असण्याची गरज नाही, पण पुढील उन्हाळ्यापर्यंत तीनपैकी किमान एका ठिकाणचा बिनशर्त प्रवेश मिळालेला असावा लागतो. काही अभ्यासक्रमांच्या मुदती डिसेंबर-जानेवारीतच संपतात आणि काही विद्यापीठे अर्जासाठी शुल्क घेतात. चेव्हनिंगला स्वतःला इंग्रजीच्या परीक्षेची अट नसली तरी विद्यापीठाला बहुधा असते. आपल्याकडील विद्यापीठांतून गुणपत्रिकांची साक्षांकित प्रत, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, मिळायला कित्येकदा आठवडेच्या आठवडे जातात आणि मध्ये परीक्षांचा हंगाम आला तर आणखी वेळ लागतो. निबंधाच्या पहिल्या मसुद्याआधी ट्रान्सक्रिप्टचा अर्ज टाकावा, असे मी प्रत्येकाला सांगतो आणि क्वचितच कोणी ऐकते.

कारकिर्दीचा निबंध सर्वांत अवघड, कारण त्यात भविष्याविषयी ठोस बोलायचे असते. 'परत येऊन समाजासाठी काम करीन' हे उत्तर नव्हे. परतल्यावर पहिल्या वर्षी कोणत्या संस्थेत, कोणत्या प्रकारच्या कामावर, पाच वर्षांनी कोणत्या पातळीवर आणि दहा वर्षांनी कोणत्या निर्णयाच्या टेबलाशी, असा क्रम असावा आणि एका पायरीवरून दुसरीवर जाण्याचा मार्ग दिसावा. आपल्या विषयात सांगण्यासारख्या जागा खऱ्याखुऱ्या आहेत. समग्र शिक्षा अभियानाखालील हंगामी वसतिगृहे, ऊसतोड कामगारांसाठी स्थापन झालेले गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ, संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृह योजना, साखर आयुक्तालय आणि कारखाने, हे सगळे एकाच मुलाच्या आयुष्याला वेगवेगळ्या बाजूंनी स्पर्श करतात. त्यांच्यामधील एखादा न जुळणारा सांधा दाखवून 'येथे काम करायचे आहे' असे लिहिले, तर ते स्वप्नरंजन वाटत नाही. ब्रिटन आपल्या देशात काय करू पाहतो याच्याशी आपल्या योजनेचा संबंध जोडता येतो. भारत आणि ब्रिटन यांनी जुलै २०२५ मध्ये मान्य केलेल्या 'व्हिजन २०३५' आराखड्यात शिक्षण हा एक आधारस्तंभ आहे. त्याचा उल्लेख करायचा तर एका वाक्यात आणि तोही खरोखर जुळत असेल तरच करावा. ओढूनताणून केलेला संबंध उच्चायुक्तालयातील माणसाइतका लवकर कोणाच्याच लक्षात येत नाही.

चारही उत्तरे लिहून झाली की ती एकापाठोपाठ एक वाचावीत. पहिल्या उत्तरातील अनुभव, तिसऱ्यातील उणीव आणि चौथ्यातील योजना ही एकाच माणसाची वाटली पाहिजेत. तीच घटना दोनदा सांगू नये. एवढ्या कमी शब्दांत ते परवडणारे नसते. लिहिण्याची माझी पद्धत अशी आहे की, उमेदवाराने आधी ती घटना कामाशी संबंध नसलेल्या एखाद्या मित्राला मराठीत तोंडी सांगावी आणि फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावी. मित्र जिथे 'म्हणजे काय?' असे विचारतो, तिथे वाचणाराही अडणार आहे. मुकादम, उचल, कोयता, टोळी हे शब्द लंडनमधल्या वाचकाला ठाऊक नसतात. त्यामुळे इंग्रजीत लिहिताना यांतला एखादाच शब्द ठेवून तो अर्ध्या वाक्यात उलगडावा आणि बाकीचे साध्या वर्णनाने भागवावे. इंग्रजी अलंकारिक असण्याची मुळीच गरज नाही, लहान आणि बरोबर वाक्ये पुरतात. दुसऱ्याच्या यशस्वी अर्जातील परिच्छेद उचलणे किंवा यंत्राकडून संपूर्ण निबंध लिहवून घेणे, या दोन्हींत नकाराचा धोका आहेच. पण त्याहून मोठे नुकसान असे की, तो मजकूर मुलाखतीत आपल्याला आपला म्हणून बोलता येत नाही.

शिफारस देणाऱ्या दोन व्यक्तींविषयी थोडक्यात सांगतो. आमदार, कुलगुरू किंवा ज्यांनी आपल्याला व्यासपीठावर एकदाच पाहिले आहे अशा कोणाचेही पत्र कामाचे नाही. ज्यांनी आपले काम रोज पाहिले असे प्रत्यक्ष वरिष्ठ आणि ज्यांनी आपला प्रबंध तपासला असे प्राध्यापक, ही जोडी पुरेशी आहे. त्यांना निबंधांची प्रत द्यावी, म्हणजे पत्र आणि अर्ज परस्परविरोधी बोलणार नाहीत. वरिष्ठांना हे सगळे सांगावे की लपवावे, हा संकोच अनेकांना असतो. शिफारसच त्यांची घ्यायची असल्याने तो आधीच सोडून द्यावा.

अर्ज साधारणपणे ऑगस्टमध्ये खुले होतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास बंद होतात. अंतिम वेळ ब्रिटनच्या घड्याळाची असते आणि शेवटच्या दिवशी संकेतस्थळ मंदावते, म्हणून निदान आठवडाभर आधी अर्ज सादर करावा. त्यानंतर पात्रतेची छाननी होते, वाचन समित्या गुण देतात आणि निवडलेल्यांच्या मुलाखती पुढच्या वर्षी वसंतात होतात. मुलाखतीतले प्रश्न बहुतांशी याच चार उत्तरांतून निघतात. 'त्या मुख्याध्यापकांनी नकार का दिला असेल, त्यांच्या बाजूने सांगा', 'मुकादमाला महत्त्व दिल्याने त्याचे कामगारांवरील वर्चस्व वाढले नाही का?' अशा तिरकस प्रश्नांची तयारी ठेवावी. दुसरा प्रश्न तर मी स्वतःच विचारीन, कारण तो रास्त आहे आणि त्याचे सोपे उत्तर नाही. तिथे बचाव करण्यापेक्षा आपण त्या धोक्याचा विचार केला होता का आणि कसा, हे शांतपणे सांगणारा उमेदवार लक्षात राहतो. 'दोन वर्षांसाठी परत यावेच लागेल, त्याचे काय?' या प्रश्नाला 'नियमच आहे' असे उत्तर देणाऱ्याची पुढची वाक्ये कोणी फारशी ऐकत नाही.

एकाच दारावर विसंबू नये हेही सांगायला हवे. राष्ट्रकुल शिष्यवृत्ती, इनलॅक्स, ऑक्सफर्डसाठीची र्‍होड्स, तसेच अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती, यांपैकी ज्यांत आपण बसता त्यांच्या मुदती एका कागदावर मांडाव्यात. प्रत्येकीची कसोटी वेगळी आहे, त्यामुळे चेव्हनिंगसाठी लिहिलेला निबंध तसाच्या तसा दुसरीकडे चालत नाही. मात्र त्यासाठी गोळा केलेले प्रसंग, तारखा आणि आकडे सगळीकडे उपयोगी पडतात. निवड झाली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो, आणि दुसऱ्या प्रयत्नात निवडले गेलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांनी मधल्या वर्षात भाषेपेक्षा कामात भर घातलेली होती.

राहिला नोकरीचा प्रश्न. अर्ज भरताना, मुलाखतीचे पत्र आल्यावर किंवा सशर्त निवड झाल्याचे कळल्यावरही राजीनामा देऊ नये. निवड सशर्त असते, कारण विद्यापीठाचा बिनशर्त प्रवेश आणि व्हिसा या पायऱ्या तिच्यापुढे असतात. राखीव यादीतील उमेदवारांना तर उन्हाळ्यात उशिरापर्यंत वाट पाहावी लागते. अंतिम निवडपत्र हाती आल्यावर, संस्थेच्या नियमाप्रमाणे असेल तेवढी पूर्वसूचना देऊन, सप्टेंबरमधील अभ्यासक्रमासाठी निघायला पुरेसा वेळ राहतो. शक्य असेल तर राजीनाम्याऐवजी एक वर्षाची बिनपगारी रजा मागावी. परतल्यावर पहिल्या वर्षी आपण कुठे असाल, हे चौथ्या निबंधात लिहायचे आहे, आणि संस्थेने जागा राखून ठेवल्याचे पत्र दिले तर त्या वाक्याला तेवढा आधार मिळेल.